आईच्या खोलीतला हीटर

हीटर घरात येऊन आठवडा झाला तरी आईनं त्याच्यावरचं प्लॅस्टिकसुद्धा काढू दिलं नव्हतं. खोलीच्या कोपऱ्यात तो आपला चाकांवर उभा. समोर पलंगावर दोन स्वेटर, कानटोपी आणि माझ्या नवऱ्याचे जाड मोजे असा सगळा सरंजाम चढवून आई त्याच्याकडे बघत बसलेली.

"आधी सांग, तासाला किती खातो," ती म्हणाली. "मग लावीन."

बाबा गेल्यावर नागपूरच्या घराला कुलूप लावून ती दिवाळीनंतर आमच्याकडे बंगळुरूला आली होती. येताना एकच बॅग. "संक्रांतीपर्यंत बघते, करमलं तर राहीन," असं म्हणाली होती. मी मात्र मनात पक्कं धरून चालले होते की ती कायमची आली आहे. तिच्यासाठी खोली रंगवून घेतली होती, कपाटाचे दोन खण रिकामे केले होते, आणि ओळखीपाळखीत 'आई आता आमच्याकडेच असते' असं सांगूनही टाकलं होतं. मी एकुलती एक. ती राहिली नाही तर तिकडे ती एकटी आणि इकडे माझा जीव टांगणीला, हे मला नको होतं. बाकी कशाचंही मला काही वाटत नव्हतं, फक्त ती राहायला हवी होती.

आणि मध्येच ही थंडी आली. बंगळुरूची थंडी म्हटलं की बाहेरचे लोक हसतात. नागपूरचे तर जास्तच हसतात, कारण पौषात तिकडे याहून कडाक्याची पडते. पण नागपूरला दुपारी अंगणात ऊन असतं आणि माणूस त्यात खुर्ची टाकून पुन्हा ताजातवाना होतो. राजाजीनगरातलं आमचं घर जुनं, खालच्या मजल्याचं, लाल ऑक्साइडच्या गुळगुळीत जमिनीचं. शेजाऱ्यांनी चार मजले चढवले आणि आमचं ऊन गेलं. मग डिसेंबरात थंडी जमिनीतून वर येते, तळव्यांतून शिरते आणि गुडघ्यात मुक्काम करते. सकाळी आईची बोटं इतकी आखडायची की चहाचा कप तिला दोन्ही हातांनी धरावा लागे. डॉक्टरांनी ऊब ठेवा एवढंच सांगितलं. नवरा त्याच संध्याकाळी तेल भरलेला हा हीटर घेऊन आला आणि दुसऱ्या दिवशी कामासाठी हैदराबादला निघून गेला. घरात संकट आणून ठेवायचं आणि आपण टूरवर जायचं, ही त्याची जुनी पद्धत आहे.

हीटर लावायला आईची हरकत नव्हती. हरकत होती ती त्याचं बिल जावयाच्या घरानं भरण्याला. जुन्या वळणाची माणसं लेकीच्या सासरी पाणीसुद्धा जपून पितात. आई तेवढी कडक नव्हती, पण तिनं आल्या दिवसापासून आपला एक नियम लावला होता. दूध तिचं, भाजी तिची, केळी तिची. पेन्शनमधून ती ते आणायची आणि वर कुणी काही बोललं तर ऐकू न आल्यासारखं करायची. तिच्या खोलीची ऊबही तिची तीच घेणार होती. आणि किंमत कळल्याशिवाय वस्तू घेणं तिच्या रक्तात नव्हतं.

मी देवनहळ्ळीच्या पुढे बियाणं तपासायच्या एका छोट्या प्रयोगशाळेत काम करते. आमच्याकडे उगवण बघायची कपाटं असतात, त्यांत बी ओल्या कागदावर ठेवून ठरावीक उबेत ठेवायचं. त्या कपाटांतही हीटरच असतो, त्यामुळे मला या विषयातलं थोडं कळतं असा माझा समज आहे. हीटरवर पंधराशे वॉट लिहिलेलं असलं म्हणजे तो सारखा पंधराशे वॉट ओढत नाही. ऊब पुरेशी झाली की आतला थर्मोस्टॅट टक् करून बंद पडतो, गार झालं की पुन्हा टक् करून चालू होतो. घरी येताना कॅबमध्ये बसून मी मोबाइलवर आकडेमोड केली. सकाळचे दोन तास, संध्याकाळचे तीन, त्यातला निम्मा वेळ बंद. रोजचा खर्च एका मसाला डोशाच्या आत बसत होता.

"रोज एक डोसा?" आई म्हणाली. "म्हणजे मी बसल्या बसल्या रोज एक डोसा जाळून राहिली?"

"खाल्ला असं समज."

"खाल्लेला अंगी तरी लागतो."

तरी ती जरा विचारात पडलेली दिसली. मला वाटलं, जमलं. तेवढ्यात माझे सासरे आले.

सासऱ्यांना सगळी गल्ली अण्णा म्हणते, म्हणून आम्हीही म्हणतो. त्यांचं घराणं तीनशे-साडेतीनशे वर्षांपूर्वी महाराष्ट्रातून इकडे आलं आणि इथलंच झालं. त्यांची मराठी ऐकून आई पहिले चार दिवस नुसती मान हलवायची. अण्णांचं सगळं आयुष्य बंगळुरूच्याच पीण्या भागातल्या औद्योगिक वसाहतीत गेलं. लोखंडी भागांवर रंग भाजून पक्का करायच्या विजेच्या भट्ट्या असलेल्या एका कारखान्यात ते कामाची कोटेशनं काढायचे. त्यांच्यासमोर कुणी विजेच्या खर्चाचा आकडा काढतंय आणि ते गप्प बसलेत, असं होणं शक्य नव्हतं.

"स्वल्प थांब, अम्मा," ते मला म्हणाले. इकडे सुना-मुलींनाही अम्माच म्हणतात. "हे असं नसतं काढायचं."

आणि त्यांनी काढलं. हीटर पूर्ण वेळ पूर्ण जोरात चालणार असं धरलं. दार उघडं राहणार असं धरलं. तास धरले ते माझ्याहून जास्त, कारण थंडी वाढली तर माणूस जास्त लावतो. त्यावर काहीबाही टक्के चढवले. शेवटी त्यांनी जी गोष्ट सांगितली ती मी मुद्दामच आईपासून लपवून ठेवली होती. सरकारच्या योजनेत आमच्या घराला ठरवून दिलेल्या युनिटांच्या आत आम्ही राहतो, म्हणून आमचं विजेचं बिल शून्य येतं. हीटर लागला की ती मर्यादा ओलांडली जाणार आणि बिल भरावं लागणार. अण्णांचा आकडा माझ्या आकड्याच्या चौपट निघाला.

आईनं कानटोपी नीट केली. "बिल शून्य येतं?" तिनं विचारलं.

"अगदी शून्य, अक्का," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात अभिमान होता हे मला शपथेवर सांगता येईल.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग माझ्या नाकावरच असतो आणि सासरच्या माणसांपुढे तो गिळायची सवय मला कधीच लागली नाही. माझी आई इथं गारठते आहे आणि या गृहस्थाला आपल्या शून्याची पडली आहे, असं मला वाटलं. त्याहून वाईट म्हणजे मला वाटलं, यांना ती इथं नकोच आहे. विहिणीला तोंडावर कसं सांगायचं म्हणून आकडा पुढे केला आहे. मी रात्रभर कुढले असं म्हणणार नाही, मला झोप चांगली लागते. पण सकाळी उठल्या उठल्या मी व्हरांड्यात पेपर वाचत बसलेल्या अण्णांना गाठलं.

"आईनं इथं राहू नये असं वाटत असेल तर तसं सांगा," मी म्हणाले. "आकड्यांच्या आडून कशाला?"

अण्णांनी पेपर खाली केला. ते इतके गोंधळले होते की मला तिथंच थोडी लाज वाटायला लागली.

"काय बोलतेस, अम्मा. मी त्यांच्या बाजूनंच काढलं की."

मग त्यांनी सांगितलं ते असं. पीण्यात छोटा ग्राहक आला की त्याला कोटेशन नेहमी वरचं द्यायचं. कमी सांगितलं आणि मागून जास्त आलं, तर त्याची मान खाली जाते. घरून पैसे आणावे लागतात, चार लोकांत तोंड लपवावं लागतं. जास्त सांगितलं आणि कमी आलं तर तो हसत हसत पैसे देतो आणि वर कॉफी पाजतो. "तुझी आई रोखीची माणूस," अण्णा म्हणाले. "तू डोसा सांगणार, बिल येणार जेवणाचं. मग ती काय करेल? मुकाट भरेल आणि दुसऱ्या महिन्यापासून हीटर बंद. मी उलटं केलं. आधी घाबरवलं, मागून सुख."

"पण ती घाबरून लावतच नाहीये," मी म्हणाले.

"हां," अण्णा म्हणाले. "तेवढं चुकलं."

मग आम्ही दोघांनी ठरवलं की अंदाज पुरे, आता मोजायचंच. सासरा आणि सून एका पक्षात असं आमच्या घरात क्वचितच घडतं. त्या रविवारी सकाळी आम्ही आईला मीटरपाशी आणलं. मीटर व्हरांड्यात आहे, लाकडी पेटीत, त्याचा लाल दिवा लुकलुकत असतो. घरातलं बाकी सगळं बंद केलं, फ्रिजसुद्धा. हीटरवरचं प्लॅस्टिक अण्णांनी स्वतः काढलं. आईच्या खोलीचं दार-खिडकी लावून तो सुरू केला आणि मीटरवरचा आकडा आईलाच वाचायला लावला, म्हणजे नंतर आम्ही लबाडी केली असं तिला म्हणता येऊ नये.

अर्धा-पाऊण तास झाला असेल, आणि वीज गेली.

राजाजीनगरात रविवारी सकाळी वीज जाण्यात नवल काहीच नाही, पण अण्णांचा चेहरा असा झाला की जणू भर मांडवातून वरात परत गेली. आई हसायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला असं हसताना पाहिलं नव्हतं. गॅसवर कॉफी केली आणि वीज येईपर्यंत आम्ही तिघं व्हरांड्यातच बसलो. अण्णांनी भट्ट्यांच्या गोष्टी सांगितल्या. रंग नीट भाजला गेला की त्याला कसा वास येतो, नवे कामगार थंडीत जेवणाच्या सुट्टीत भट्टीच्या भिंतीला पाठ लावून कसे उभे राहायचे. आईला निम्मं कळत असेल, पण ती ऐकत होती. मी तिच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, रमली. आता ही रमली.

वीज आली. आम्ही पुन्हा पहिल्यापासून मोजलं, चांगलं दुपारच्या जेवणापर्यंत. खोली लहान, खिडकी एकच, त्यामुळे ती एकदा तापली की हीटर बराच वेळ टक् करून गप्प बसायचा. शेवटी आईनं आकडा वाचला, अण्णांनी वजाबाकी केली, दोनदा केली, आणि मान वर केली. अण्णांचा आकडा तर सोडाच, माझ्याही अंदाजाच्या खाली आलं होतं. वरचा खर्च, शून्य गेल्यावर भरावं लागणारं बिल, सगळं मिळवूनही आईच्या दूध-भाजीपेक्षा कमी होत होतं.

"सरी, ठीक आहे, अक्का," अण्णा म्हणाले. "रोजची एक बाय-टू कॉफी, एका कपाची दोघांत. तीही अर्धीच तुमची."

मी विजयी मुद्रेनं आईकडे पाहिलं. आई म्हणाली, "बरं झालं," आणि आत गेली.

दुपारी मी तिच्या खोलीत गेले तेव्हा खोली छान उबदार होती. आईनं एक स्वेटर काढून घडी करून ठेवला होता. कानटोपीही काढली होती. बोटं सैल झाली होती, ती आपल्याच हाताच्या बोटांची उघडझाप करून बघत होती. मी तिच्या पायाशी बसले आणि म्हणाले, "आता कसली काळजी नाही. सगळी थंडी आरामात काढ. पुढच्या वर्षीही हाच चालेल."

तिनं हात मांडीवर ठेवले. मग म्हणाली, "तुम्ही दोघं इतक्या मनानं करून राहिले होते, की मला बोलताच आलं नाही."

"काय बोलता आलं नाही?"

"मला वाटलं होतं, महागच निघेल. अण्णांनी सांगितलं तेव्हा मला बरंच वाटलं. म्हटलं, आता हेच कारण सांगून जाता येईल. तू रागावणार नाहीस, जावयांना वाईट वाटणार नाही, अण्णांनाही नाही. थंडी सोसत नाही, हीटर परवडत नाही, म्हणून म्हातारी गेली. कोणाला काही लागलं नसतं." ती हीटरकडे बघत होती. "आता हा एवढा स्वस्त निघाला. आता काय सांगू?"

मी भांडायलाच लागले. इथं काय कमी आहे, मी विचारलं. कोण तुला काय म्हणतं. तिकडे कोण आहे तुझं. हे शेवटचं मी बोलायला नको होतं, पण बोलले.

आई चिडली नाही. तिनं अगदी हळू, मला समजावल्यासारखं सांगितलं. सकाळी तू जातेस, दिवे लागल्यावर येतेस, त्यात तुझा काही दोष नाही, नोकरीच तशी आहे. अण्णा देवमाणूस आहेत. पण मी इथं कोणाशी भांडत नाही. भाजीवाल्याकडे जाते, बोट दाखवते, तो सांगेल ते पैसे देते, येते. तिकडे मी वांग्यासाठी अर्धा तास भांडते. तो म्हणतो, मावशी, तुम्हाला परवडत नाही तर नका घेऊ, मी म्हणते, तुझी वांगी काय सोन्याची लागून गेली. मग तोच वरून कोथिंबीर टाकतो. "इथं मी आल्यापासून कोणी माझ्यावर रागावलंच नाही," ती म्हणाली. "सगळे सांभाळून राहिले मला. तिकडे मी गारठले तर गारठले, कोणी त्याचं कोटेशन काढत नाही. माझं घर आहे ते. मला जाऊ दे."

मी उठून बाहेर आले. घरात राहिले असते तर रडले असते किंवा आणखी काही बोलले असते. कढीपत्ता आणायच्या निमित्तानं कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याकडे गेले. त्यानं टोमॅटोचा भाव सांगितला, मी कन्नडमध्ये त्याला वेड्यात काढलं, त्यानं मला काढलं, मी पाठ फिरवली, त्यानं हाक मारली. हे मी रोज करते. त्या दिवशी पिशवी धरून परत येताना माझ्या लक्षात आलं की या शहरात मला पहिल्यांदा आपलं वाटलं ते याच माणसाशी कडाकडा भांडले तेव्हा. तेव्हा मी तिशीतली होते, भाषा शिकायला मला दहा वर्षं हाताशी होती. आईनं सत्तरीला इथं कुणाशी आणि कोणत्या भाषेत भांडायला शिकायचं? हे मला पटलं आणि पटलं म्हणून जास्तच त्रास झाला. मला ती हवी होती. ते काही पटण्या-न पटण्यावर अवलंबून नव्हतं.

संध्याकाळी नवरा हैदराबादहून परत आला. जेवायला चौघं एकत्र बसलो. मी सारू, म्हणजे इकडचं सार, केलं होतं, आईनं वांग्याची भाजी, तिच्या पद्धतीची, झणझणीत. नवऱ्यानं हीटरची चौकशी केली. मोजणार होतात ना, काय आलं मग, परवडतंय ना आईंना, त्यानं विचारलं.

अण्णांना उत्तर माहीत होतं. त्यांनी स्वतः वजाबाकी केली होती, दोनदा. बोलायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि आधी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आई भाताचा ढीग उगाच सारखा करत होती.

"महाग पडतंय," मी म्हणाले. "खूपच. या घराला नाही झेपणार."

नवरा म्हणाला, असं कसं, आपण भरू की. अण्णांनी त्याला हातानंच गप्प केलं. त्यांनी ताट जरा पुढे ओढलं आणि म्हणाले, "सरी. मी आधीच म्हणालो होतो." आणि मला सारू वाढायला सांगितलं.

आईचा भातावरचा हात थांबला. मग म्हणाली, "मग मला जावंच लागेल बाई," आणि तिच्या आवाजात इतकं सुख होतं की मला रडू आलं. भाजी फार तिखट झाली आहे, असं मी सगळ्यांना सांगितलं. आईनं लगेच माझ्या पानात तूप वाढलं.